संतोष ड्रायव्हरचा कॉम्प्युटर

संतोष आहेरने एकोणीस वर्षं अंबडच्या एका कारखान्याची बस चालवली. देवळ्याहून नाशिकला आला तेव्हा त्याच्याकडे लायसन्स सोडून दुसरं काही नव्हतं, आणि तेवढं पुरलं. दीड वर्षापूर्वी मात्र पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, हात स्टिअरिंगवर असतानाच त्याला फिट आली. बस उभ्या ट्रकवर जाऊन आदळली. पुढच्या सीटवर बसलेल्या चंदर महालेचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. संतोषच्या कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी, पोलिसांनी, कंपनीने सगळ्या कागदांवर एकच लिहिलं: अचानक आलेला झटका. लायसन्स रद्द झालं आणि संतोष घरी बसला.

बायको उज्वला एका केटररकडे पोळ्या लाटायला जायची. संतोष लसूण सोलायचा, कपडे वाळत घालायचा, वेळेवर गोळ्या घ्यायचा. उरलेला सगळा दिवस मोबाइलवर कुणीतरी खेळत असलेली बसची गेम बघायचा. एकदा मुलगी अंजली कॉलेजातून आली तर हा पलंगावर बसून बघतोय आणि याचा डावा पाय फरशीवर क्लच दाबतोय.

"पप्पा, ही गेम आपल्याला पण खेळता येईल," ती म्हणाली. "फक्त कॉम्प्युटर जरा दमदार लागेल."

कंपनीकडून हातात आलेल्यातले पन्नास हजार तेवढे बाजूला होते. उज्वलाने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. "घरात बसून चालवणार ना? मग चालवू दे," म्हणाली.

एका शनिवारी बापलेक एम. जी. रोडवरच्या गल्लीतल्या दुकानात गेले. यादव नावाचा मालक स्वतःच कॉम्प्युटर जोडून तयार ठेवायचा. त्याने आधी दाखवला तो काचेचा, आत लाल-निळे दिवे पळणारा.

"बॉनेट उघडा याचं," संतोष म्हणाला.

यादवला आधी कळलंच नाही. मग हसून त्याने बाजूची काच काढली. संतोषने चष्मा पुसला आणि आत डोकावला. अंजली इंटरनेटवर वाचून आली होती. ती विचारत गेली आणि तो बघत गेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. पॉवर सप्लायवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं.

"इंजिन लहान न् रंगकाम मोठं," संतोष म्हणाला. "चढावर दम टाकंल ही."

"काका, तुम्ही कुठल्या लाइनमध्ये?" यादवने विचारलं.

"बस चालवायचो."

यादवने दिव्यांचा डबा बाजूला सारला आणि खालच्या फळीवरून एक काळा, साधा काढला. यात कार्ड होतं, दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं पण कोरं. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा. दिवा एकही नाही. संतोषने पंख्यावर हात धरून वारा बघितला, सलग चार तास चालवला तर तापेल का विचारलं, वायर कुठे घासते का ते बोटाने चाचपलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होतं. स्क्रीन आणि कुणीतरी वापरून विकलेलं स्टिअरिंग धरून सगळं पन्नासच्या आत बसत होतं.

"एकदा चालवून बघा," यादव म्हणाला.

अंजली बिलावर नाव घालायला काउंटरकडे गेली आणि यादव तिच्यामागे. संतोष एकटाच स्क्रीनसमोर होता. गेम सुरू व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. संतोषचं इंग्रजी बोर्ड वाचण्यापुरतं, पण त्यातला एक शब्द त्याच्या फायलीच्या प्रत्येक कागदावर होता. सीझर, म्हणजे फिट. खाली डॉक्टरांचाही उल्लेख होता. ज्याला फिट येते त्याने विचारल्याशिवाय खेळू नये, एवढा अर्थ त्याला लागला.

अपघाताआधीही त्याला असंच सगळं कळलं होतं. तीन वेळा. एकदा हातातला पेला आपोआप उडाला. दोनदा सिग्नलला मधली काही सेकंदं गायब झाली आणि मागच्या हॉर्नने तो भानावर आला. ड्रायव्हरांची वर्षाची तपासणी तोंडावर होती. उज्वलाला त्याने ॲसिडिटी सांगितली आणि डॉक्टरला काहीच नाही.

त्याने बटण दाबलं. मजकूर गेला, रस्ता आला.

"कसं आहे?" अंजलीने येऊन विचारलं.

"लय भारी," तो म्हणाला.

अकरा दिवस घर बदललं. संतोष सकाळी दाढी करून बसायचा. वळणावर खांदा झुकायचा, स्टॉपवर बस हळू लावायचा. उज्वला कामावरून आली की दारातूनच विचारायची, "आज कुठवर गेलात?"

बाराव्या दिवशी दुपारी स्क्रीनवर दाट झाडांचा रस्ता लागला. झाडांमधून ऊन लखलख येत होतं, सावली आणि उजेड, सावली आणि उजेड. अंजली शेजारी बसली होती म्हणून तो खुर्चीसकट पडला तेव्हा डोकं फरशीवर आपटलं नाही. पण जीभ चावली गेली. सगळा शर्ट रक्ताने भरला.

डॉक्टरांनी डोळ्यांसमोर दिवा उघडझाप करून तपासलं आणि म्हणाले, "यांना असा उजेड चालत नाही. गेमच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की. वाचलं नव्हतं का?"

"दुकानात गेम सुरू झाली तेव्हा मी तिथं नव्हते," म्हणत अंजली रडायला लागली. सगळी चूक आपलीच, असं तिने धरून टाकलं. दोन दिवस जेवली नाही. ते संतोषला बघवेना. तिसऱ्या दिवशी त्याने दोघींना समोर बसवलं आणि सुजलेल्या जिभेने सांगितलं, की मी वाचलं होतं. आणि मग थांबता येईना म्हणून आधीचं पण सांगितलं.

उज्वलाने विचारलं,

"चंदरचा पाय गेला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मी दोन महिने सिव्हिलला डबा नेला. त्याच्या बायकोचा हात धरून सांगितलं, कुणाचा दोष नाही बाई, कुणाला काय माहीत होतं. हे या तोंडाने बोलले मी." ती उठली. "आता तुम्ही सांगायचं. मी बरोबर येते."

चंदर सुरगाण्याकडे आपल्या पाड्यावर परत गेला होता. जीप सोडून ते पुढे अर्धा तास चालले. चंदर अंगणात बसून नागली पाखडत होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. संतोषने उभ्यानेच सगळं सांगितलं. चंदरने सूप खाली ठेवलं नाही. ऐकून झाल्यावर त्याने बायकोला हाक मारली.

"ताईला पाणी दे," तो म्हणाला. मग संतोषकडे न बघताच म्हणाला, "आलास, सांगितलंस. आता जा. परत येऊ नको."

उज्वलाने पाणी घेतलं नाही. ती चंदरच्या बायकोजवळ बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने ती उठली आणि नवऱ्याच्या पुढे चालायला लागली.

कॉम्प्युटर घरातच आहे. अंजली त्यावर कॉलेजचं काम करते. ती बसली की संतोष गॅलरीत जाऊन उभा राहतो. उज्वला वेळच्या वेळी त्याच्या हातावर गोळी ठेवते, पाणी देते, आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. त्याचं कुठलंच म्हणणं ती आता खरं धरत नाही.