ऑकलंडहून पंधरा तास

मुंबई ते ऑकलंड बारा हजारांहून जास्त किलोमीटर, विमानाने साधारण पंधरा तास. मोबाइलवर हे वाचलं आणि मला हायसं वाटलं. माझा धाकटा भाऊ तिकडे असतो. आई बदलापूरला, खरवईत माझ्याकडे होती आणि तिच्या किडन्या हळूहळू काम सोडत चालल्या होत्या. "त्याला बोलावून घे गं," ती रोज म्हणायची. "पंधरा तासांत येतो तो, घाई कसली?" हे माझं रोजचं उत्तर.

खरं सांगायचं तर मला त्याला बोलवायचंच नव्हतं. तीन वर्षं आईचं हगणं-मुतणं मी काढलं, आणि हा आठ दिवस येऊन उशाशी बसणार, की आईला आभाळ ठेंगणं! फोनवर तो विचारायचा, "ताई, येऊ का?" मी म्हणायचे, "सध्या बरी आहे. लागलं तर सांगते." पंधरा तास माझ्या हाताशी होतेच.

एका सकाळी डॉक्टर घरी येऊन तिला तपासून गेले. जाताना म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी फोन केला. तासाभराने त्याचा उलट फोन आला. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं होतं, मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं, घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस. मी त्याच्यावरच खेकसले, "पंधरा तास लागतात, मी बघितलंय!"

"ताई, ते सरळ रेषेत मोजलेलं असतं. इथून मुंबईला डायरेक्ट फ्लाइटच नाहीये." तो रडत होता.

दुपारी आई जरा शुद्धीवर आली.

"निघाला का?"

"निघाला."

"कुठवर आला?"

तो अजून बॅग भरत होता. मग तिचं तिनेच ठरवलं, "उल्हासनगर गेलं असेल ना?" ठाण्याला नोकरीला होता तेव्हा घरी येताना लोकलने उल्हासनगर सोडलं की तो फोन करायचा आणि आई भात लावायची, म्हणजे ताटात गरम पडावा.

"हो, गेलं. अंबरनाथ येईल आता."

"मग भात लाव की. बसलीस काय?"

मी उठून खरंच कुकर लावला. शिट्ट्या होत होत्या तोवर ती दाराकडे बघत होती. दिवेलागणीच्या आत ती गेली.

दोन दिवस ठेवता येणार नाही, असं मामा म्हणाले. अग्नी मी दिला.

तिसऱ्या दिवशी तो आला. बूटही न काढता माझ्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा हुंदके देत म्हणाला, "चुकलं माझं, ताई. मी आधीच निघायला हवं होतं."

खरं सांगायची तीच वेळ होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. मनाला लावून घेऊ नकोस."