नांदरुकीची मिटलेली पानं

दाताच्या डॉक्टरांनी हिरडीला लवंगेचं तेल लावलं आणि मी थेट धुळ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे फुलकिडे आम्ही याच तेलात बुडवून पारदर्शक करत असू. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. त्या किड्यांसाठी कॉलेजातले आमचे सर आणि मी पिंपळनेरकडच्या एका नांदरुकीची पानं गोळा करायला गेलो होतो. भर दुपार, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि फांद्यांवर कोवळी पानं शेंगांसारखी घट्ट मिटलेली. झाडाखाली गावातली एक बाई बसली होती, सगळे तिला अक्का म्हणत. अक्कांनी माझा हात धरला. “उघाडू नको बाई, त्यामा मन्हा पोऱ्या शे.” त्यांचा मुलगा लहानपणीच गेला होता, आणि लहान मूल गेलं की नांदरुक त्याला एका पानात मिटून घेते, असं त्या गावात मानत. सरांनी तरीही ते पान उघडलं. आतले काळे किडे पळाले नाहीत. शेपट्या उभारून जागीच थांबले. प्रयोगशाळेत त्या काळ्यांची जात सहज ओळखू आली, पण त्यांच्यात एकच फिकट, निराळा निघाला. पुढच्या खेपेला अक्का तिथेच बसल्या होत्या. “त्यामा कोन व्हतं?” त्यांनी विचारलं. मी सरळ सांगितलं, “दोन जाती आहेत, अक्का. काळ्यांनी ते घर केलंय. दुसरा मागून येऊन त्यांच्यात राहिलाय.” त्या पहिल्यांदाच हसल्या. “मांगून उना ना, तोच मन्हा पोऱ्या.” तेलात बुडवलेल्या त्या फिकट किड्याचं नाव सरांना शेवटपर्यंत सापडलं नाही. अक्कांना त्यांच्या मुलाचं नाव विचारायचं धाडस मला तेव्हा झालं नाही, आणि आज या खुर्चीत बसूनही ते नाव ऐकायची माझी तयारी नाही.