रेखाला मी पळवलं

चुका माझ्या हातून फारशा होत नाहीत, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. पण एक झाली, आणि ती अशी झाली की धारूरच्या डोंगरातून निघून थेट माजलगावच्या कारखान्यावर पोचली. तुम्ही चहा घ्या, गार होतोय. मी सांगते.

मी आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका. पंधरा वर्षं झाली. गावातल्या निम्म्या पोरांना पहिल्यांदा वजनकाट्यावर मीच बसवलेलं. त्यामुळं कोणाचं लेकरू काय खातं, हे मला त्याच्या बोटांकडं बघूनच कळतं. आणि गेल्या हिवाळ्यात सगळ्यांची बोटं नारंगी! दुकानातल्या कुरकुऱ्यांच्या पुड्यांचा तो रंग. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पुडा, मधल्या वेळेत मोबाईल. अंगणवाडीत खिचडी पुढं ठेवली की तोंड फिरवायची. पळा म्हटलं की दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, जशी काही दिवसभर ऊस तोडून आलीत.

मग मी आयांची बैठक घेतली. सांगितलं, लेकरू सांगून पळत नसतं, आई पळाली की मागं पळतं. रोज सकाळी साडेसहाला पाण्याच्या टाकीपासून वडाच्या झाडापर्यंत पळायचं, परत यायचं आणि सगळ्यांनी मिळून मोड आलेली मटकी खायची. सात जणी तयार झाल्या. सातवी रेखा.

रेखा घाटनांदूरची लेक. शाळेत असताना तालुक्यात पळण्यात पहिली आलेली. लग्न झालं आणि मग शेळी सोडून कशाच्याच मागं पळाली नाही. तिचा शिवा चार वर्षांचा, वजन कमी, बिस्कीट सोडून कशाला हात लावायचा नाही. नवरा दत्ता ट्रॅक्टर चालवतो. उसाच्या हंगामात तो माजलगावकडं साखर कारखान्यावर असतो. घरी सासू, कौसामावशी. सुनेनं रस्त्यानं नुसतं भरभर चाललं तरी घराची लाज जाते, असं मावशींचं ठाम मत.

बैठक सुटल्यावर रेखा मागं थांबली. म्हणाली, "बाई, मला लई पळावं वाटतं. पन आत्याबाई न्हाई सोडायच्या."

मी म्हटलं, त्यांचं माझ्यावर सोड. तू आधी दोन दिवस पळ, मग मी येऊन समजावते. ती हो म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर काही भरवसा दिसेना. म्हणून संध्याकाळी मी तिला आठवण करायचं ठरवलं. रजिस्टर उघडलं, शिवाच्या नावापुढचा नंबर घेतला आणि त्यावर आवाजाचा मेसेज पाठवला. तो जसाच्या तसा सांगते, कारण पुढं मला तो चारचौघांत ऐकावा लागला:

"रेखा, उद्या सकाळी पळायचं पक्कं हाय. शिवाला संगं घे, त्याला स्वेटर घाल. डबा घे. साडी नको, ड्रेस घाल, पळायला बरं पडतं. सासूबाईला आत्ता सांगू नको, त्या आडवतील. एकदा तू पळालीस की मी बघते त्यांचं काय करायचं ते. टाकीपाशी थांबते."

आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. फक्त नंबर रेखाचा नव्हता. दत्ताचा होता. रजिस्टरात सगळे नंबर बापांचेच आहेत. आणि ते रजिस्टर पंधरा वर्षं मीच लिहिते!

दत्तानं तो मेसेज ऐकला पहाटे, कारखान्यासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत. आधी त्याला वाटलं, आपण झोपेत आहोत. परत ऐकला. मग आईला फोन लावत राहिला, तो लागला सहा वाजून गेल्यावर. मावशी गोठ्यात धार काढत होत्या. त्यांनी घरात जाऊन बघितलं तर सून नाही, नातू नाही, खुंटीवरची पिशवी नाही. झालं! मावशींनी रेखाच्या धाकट्या दिराला उठवलं, त्यानं जीप काढली आणि दोघं आधी एसटी स्टँडवर शोधायला गेले. तिकडं दत्ता तर फोन लागायच्या आधीच ट्रॅक्टर रांगेत सोबत्याच्या हवाली करून, त्याचीच मोटारसायकल घेऊन निघाला होता.

इकडं मी टाकीच्या कट्ट्यावर उभी. अंगावर शाल, गळ्यात शिट्टी, आणि मनात असं, की आज या गावाचं आरोग्य सुधारणार. सात जणी आणि नऊ लेकरं पळत होती. रेखा तर, तो मेसेज न ऐकताच ड्रेस घालून आलेली, अशी सुटली की बघत राहावं. वडापासून परत फिरताना शिवा दमला, तर तिनं त्याला काखेत उचलला, खांद्याला पिशवी, आणि वेग तोच.

तेवढ्यात तिच्या मागून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याचं तोंड मफलरनं गुंडाळलेलं. तो गाडी तिच्या शेजारी घेऊन थांब, थांब म्हणत होता. मला वाटलं, कोणीतरी उडाणटप्पू बायांची चेष्टा करतोय. मी असलं खपवून घेणारी बाई आहे का? मी जोरात शिट्टी मारली आणि ओरडले, "पळ रेखा! थांबू नको, मी हाय!"

रेखा आणखी जोरात पळाली. मागच्या सहा जणी त्या गाडीला आडव्या झाल्या. एकीनं तर हातात धोंडा घेतला. तेव्हा त्यानं घाईघाईनं मफलर सोडला.

रेखा वळून बघते तर नवरा. तिला एवढाच प्रश्न पडला, "अवं, ट्रॅक्टर कुनापाशी सोडला?"

दत्ता माझ्यापुढं येऊन उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचे डोळे भरून आलेले. "बाई, माझं काय चुकलं ते मला सांगायचं व्हतं. माझ्या बायकोला कावून पळवता?"

मला वाटलं, हा पण आईसारखाच. बायको रस्त्यावर पळते म्हणून याची लाज जाते. मी कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "पळवनारच! आज रेखा पळाली. उद्या गावातल्या समद्या बाया पळवते का न्हाई बघ."

नेमकी त्याच वेळी जीप येऊन थांबली होती. कौसामावशी एक पाय खाली टाकत होत्या. माझं वाक्य ऐकलं आणि त्या तिथंच फूटपायरीवर बसल्या.

मग दत्तानं फोन काढला आणि मेसेज लावला. सगळ्यांच्या समोर माझाच आवाज मी ऐकला. 'एकदा तू पळालीस की मी बघते त्यांचं काय करायचं ते.' तुम्हाला सांगते, इतका पक्का कट करणारी बाई मी टीव्हीच्या मालिकेतही बघितली नाही. आधी रेखाला उमगलं. ती तोंडावर ओढणी धरून खाली बसली आणि गदागदा हसायला लागली. मग बाकीच्या. दत्ताला समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि कट्ट्यावर बसला.

मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. मला विचारलं, "मला सांगू नको म्हनलात. कावून?"

मी खरं ते सांगितलं. तुम्ही अडवलं असतं म्हणून.

"आडवलंच असतं," मावशी म्हणाल्या. "पन माझ्या घरची गोष्ट, मला इचारलं तर असतं."

मी चुकलं म्हटलं, मनापासून म्हटलं. तोवर शिवानं आईच्या पिशवीतून डबा काढला होता आणि मटकीचे बकाणे भरत होता. बिस्किटाशिवाय कशाला हात न लावणारा नातू डबा रिकामा करतोय, हे मावशींनी वाकून बघितलं. मग म्हणाल्या, रेखानं रोज पळायला हरकत नाही. मीही चांगलं काम झाल्यासारखी मान हलवली. तोच त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाई, या समद्या घामानं भिजल्या. तुमची शाल कशी काय कोरडी?"

मी म्हटलं, मला देखरेख करावी लागते. मावशी म्हणाल्या, देखरेख मी करते, तुमी पळा. आणि माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

मग काय! सगळ्यांबरोबर पळाले. वडापर्यंत गेले, हे नक्की. परतीचं मला विचारू नका. वडाच्या मुळीवर बसले तर उठता येईना. शेवटी दत्ताच गाडी घेऊन आला आणि म्हणाला, बसा.

गावात शिरताना पारावर माणसं जमलेली. बातमी त्यांच्यापर्यंत अर्धीच पोचलेली: बाईनं रेखाला पळवलं. त्यांनी बघितलं तर पुढं ड्रेस घातलेली रेखा पोराला घेऊन पळतेय, आणि तिला शोधायला माजलगावाहून आलेला नवरा मागनं अंगणवाडीच्या बाईला गाडीवर बसवून आणतोय.