मोबाईलवरच्या निधनवार्ता

रत्नागिरीतल्या एका दैनिकाची वेबसाइट मी सांभाळायचो, त्याला आता बरीच वर्षं झाली. आखातातली, बोटीवरची आपली माणसं ती मोबाईलवर उघडायची आणि वैतागायची. एवढं मोठं पान काडेपेटीएवढ्या पडद्यावर मावायचं नाही, आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे.

मग मी मोबाईलसाठी वेगळं पान केलं. रकाने एकाखाली एक, फोटो बाद, आणि मजकूर चित्र करून अरुंद पट्ट्यांत कापलेला. सगळ्यात वर निधनवार्ता. कोकणी माणूस आधी कोण गेलं ते बघतो, मग आंब्याचा भाव.

मस्कतला नोकरीला असलेला माझा दादा रोज पहाटे कंपनीच्या बसमध्ये ते उघडायचा आणि मिसकॉल द्यायचा. मिसकॉल आला की समजायचं, नीट वाचता आलं.

बाबा एका दुपारी गेले. परदेशातल्या माणसाला आमच्याकडे मरण फोनवर सांगत नाहीत. ‘सीरियस आहेत, निघ,’ एवढंच काकांनी दादाला सांगितलं. अंत्यसंस्कार तो आल्यावर करायचे ठरले.

“त्याला कळता नये हां,” काकांनी मला बजावलं. “येवढा प्रवास एकटा कसा करील तो?”

संध्याकाळी मी ऑफिसात गेलो. घरात सगळे रडत होते आणि मला काहीच होत नव्हतं. छापील अंकातली बाबांची बातमी मी दुसऱ्या कोणाची असावी तशी तपासली. मोबाईलवरून तेवढ्या ओळी गाळायच्या होत्या. पण त्याच सदरातल्या, पाली गावच्या कुणा म्हातारीचं मरण राहू द्यायचं आणि आपल्या बापाचं झाकायचं, याला हात धजेना. शेवटी निधनवार्तांचं सदरच काढलं. पान आंब्याच्या भावापासून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दादाला आणायला स्टेशनवर गेलो. काय बोलायचं ते घोकत उभा होतो. त्याने बॅग खाली ठेवली.

“बाबा गेले ना?”

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाय. पहाटे मस्कतच्या विमानतळावर पान उघडलं. मयताच्या बातम्याच नव्हत्या. तू कोणाचं मरण कधी गाळलं नाहीस. म्हटलं, आपल्याच घरचं असणार.”

मी बॅग उचलली. रडू तेव्हाही आलं नाही. मस्कतपासून इथवर तो ते एकट्याने घेऊन आला होता, आणि त्याला कळवलं होतं मीच.