पाठवणीची फिल्म

लग्नाचे फोटो काढता काढता केस पिकले, अन् आता म्हणे लोकांना फोटो नको, 'सिनेमॅटिक' व्हिडिओ पाहिजे. मग काय, गेलो शिकायला. शिकवणारा पोरगा माझ्या लेकाच्या वयाचा. कॅमेरा धरून संथ कसं चालायचं तेवढं शिकवायचा अन् स्वतःला दिग्दर्शक म्हणवून घ्यायचा.

पहिलंच लग्न पुंडलिकनगरातलं. पाठवणीला नवरी बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी व्हिडिओ सुरू केला अन् फोटोच्या सवयीनं ओरडलो, "ताई, थांबा. इकडं बघा, मान वर. हां, आता रडा." बिचारे दोघंही थांबले, कॅमेऱ्याकडं बघितलं अन् पुन्हा रडले. फोटोत असलं काही ऐकू येत नाही. इथं माझा शब्द न् शब्द आला होता.

आमच्या दिग्दर्शकाला दाखवलं. तो म्हणाला, "काका, आवाज काढून टाका, वर एक गाणं लावा. लोकांना काय कळतंय?"

तसंच केलं. फिल्म द्यायला नवरीच्या माहेरी गेलो तर त्यांनी लगेच टीव्हीवर लावली. गाणं सुरू झालं तसे घरचे सगळे डोळे पुसायला लागले. नवरीचा बाप तेवढा माझ्याकडं वळला अन् शांतपणे म्हणाला,

"फोटोवाले, आता रडू का?"