ज्याने सुट्टी दिली नाही, त्याच्यासमोर

दोहातल्या अल नस्र भागात एका शिंप्याच्या दुकानावर रत्नागिरीकडच्या भाईंची खोली होती. भाई एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क होते. त्यांच्या गावचा एक सुतार कामगारांच्या कॅम्पमध्ये बोलायचा बंद झाला, जेवायचाही बंद झाला, आणि शेवटी कंपनीनं त्याला घरी धाडला. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजानंतर भाई आपल्याकडच्या माणसांना खोलीत गोल बसवायचे. ज्याच्या मनात जे साचलंय ते त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. रास लफानच्या गॅस प्लांटजवळच्या आमच्या कॅम्पात याला 'रडायचा क्लास' म्हणायचे.

मी वेल्डर. गावी माझे वडील वारले तेव्हा प्लांटचं शटडाऊन चालू होतं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम रात्रंदिवस. आमचा फोरमन सांगलीकडचा, आपलाच माणूस म्हणून मी त्याच्याकडे सुट्टी मागायला गेलो. तो म्हणाला, "आता कुणालाच सोडता येणार नाही. खलास." मग खोलीतल्या सोबत्यानं कॅम्पच्या बाथरूममध्ये माझं डोकं भादरलं. सकाळी साइटवर फोरमननं ते बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बरं झालं, आता हेल्मेट नीट बसेल."

त्यानंतर मी भाईंकडे जायला लागलो. जाऊन गप्प बसायचो. बाप गेल्याचंही तिथं कुणाला सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी दार उघडून फोरमन आत आला. मी उठायला लागलो तर भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. तो बरोबर माझ्यासमोर बसला. त्याच्या पाळीला म्हणाला, "सुट्टीवर घरी गेलो होतो. मी खोलीत शिरलो की पोरी बोलायच्या थांबतात. बायको विचारते, परत कधी निघणार? सुट्टी अर्धी टाकून आलो." आणि तो रडायला लागला. शेजारच्या ड्रायव्हरनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या अंगाची आग झाली. याला घरी जायला मिळालं, आणि हा रडतोय.

माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्याकडेच बघून बोललो. वडील, शटडाऊन, हेल्मेट, सगळं. तो मध्येच म्हणाला, "वरून ऑर्डर होती, मी काय..."

"इथं कुणी कुणाला तोडायचं नाय," भाई म्हणाले. "तुमचं त्यानं ऐकलं. आता तुम्ही ऐका."

त्यानं ऐकलं. माझं संपल्यावर खाली बघत म्हणाला, "हेल्मेटचं मला आठवत नाही."

त्याला ते आठवतही नव्हतं. त्या क्षणी हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं.

सगळे गेल्यावर मी भाईंना म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी तो तरी येईल, नाहीतर मी तरी."

"तो आला तर येऊ दे. तुला नको असंल तर तू येऊ नको."

"म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूचे?"

"मी कुणाच्या बाजूचा नाय. चहा घेणार का?"

मी चहा न घेता जिना उतरलो. भाईंचाही राग आला होता. पण पुढच्या शुक्रवारी कंपनीच्या बसनं दोहाला आलो आणि पाय तिकडेच वळले. वडिलांबद्दल बोलायला माझ्याकडे दुसरी जागाच नव्हती. बापाला गुळाचा चहा लागायचा, तो शिंकला की कोंबड्या पळायच्या, हे कॅम्पात कुणाला सांगणार? त्या दिवशी मी सांगितलं आणि पहिल्यांदा खोलीत लोक हसले. फोरमनही हसला. ते मला आवडलं नाही.

त्याची बदली होईपर्यंत तो येत राहिला, मीही जात राहिलो. साइटवर कामापलीकडे आम्ही एक शब्द बोललो नाही. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि काम चालू ठेवलं. थोड्या वेळानं तो निघून गेला.