चार तापलेले तवे

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या यल्लाप्पा मेस्त्रीला सगळे पाठीमागे ‘दोसाभट्ट’ म्हणत. तोंडावर म्हणायची छाती नव्हती, कारण त्याच्या हातात कायम पाना असे. निपाणीहून इथे आल्यावर पहिली चार वर्षं त्याने एका हॉटेलात दोसे घातले होते, एवढाच त्याचा गुन्हा. मोटारदुरुस्ती त्यानंतरची.

एकसष्ट सालच्या एका सकाळी सरकारी कारखान्यातले इंजिनिअर भगवंतराव आपली हिरवी मोटार कण्हत-कुथत घेऊन आले.

“इंजिन गेलंय. ओढत काही नाही, पेट्रोल मात्र जावयासारखं पितं. आज उघडूनच टाक.”

यल्लाप्पाने इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. तांब्यात बोटं बुडवून पुढच्या चाकाच्या ड्रमवर पाणी शिंपडलं. चर्र! दुसऱ्यावर चर्र. मागच्या दोन्हींवर तेच.

“तवे तापलेत, अण्णा. चारी. ब्रेक सुटत नाहीत.”

“अरे, पण मी ब्रेक मारलाच नाही!”

शेजारचा पंक्चरवाला ज्योतिबा फिदीफिदी हसला. “मेस्त्री, चटणी आणू?”

हे जिव्हारी लागलं. यल्लाप्पाने पाना दगडावर आपटला. “इंजिनात खोट निघाली तर उद्यापासून पुन्हा दोसेच घालीन!”

“सरी, ठरलं! पहिला मसाला माझा,” ज्योतिबा म्हणाला.

आता माघार नव्हती. मागच्या चाकांना अडसर म्हणून विटांची उटी लावून त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं. दोन्ही हातांनी ढकललं, तरी ढिम्म. मग चाकामागचा ब्रेक-ऑइल सोडायचा बारका स्क्रू किंचित सैल केला. ऑइलची पिचकारी थेट भगवंतरावांच्या धुतलेल्या पँटवर, आणि ढकलताच चाक भिंगरीसारखं गरगर.

“दाब आत कोंडलाय. एकच चाक तापलं असतं तर दोष चाकात. चारी तापली म्हणजे पेडलपाशी.” स्क्रू आवळून त्याने पेडल अंगठ्याने दाबून पाहिलं. “स्वल्पसुद्धा ढिलं नाही. इथं कुणी हात घातला?”

भगवंतराव चष्मा पुसू लागले. “मीच. डुगडुगायचं जरा. पेडलचा दांडा अगदी काटेकोर बसवला. शून्य फट.”

“ती फटच लागते, अण्णा. तुम्ही पाय काढला, हे ब्रेकला कळायला नको?”

दांडा दोन आटे सैल झाला, जॅक निघाला. आनंदाच्या भरात भगवंतरावांनी स्वतःच विटा लाथेने उडवल्या. मोटार उताराला लागली.

“हँडब्रेक!” यल्लाप्पा ओरडला.

“कधी लावतच नाही! चाकं अडकलेली, ती कुठे हलायची?” म्हणत भगवंतराव मागे धावत सुटले.

टायरांच्या ढिगावर बसलेल्या ज्योतिबाने टुणकन उडी मारली. मोटारीने त्या ढिगात अलगद नाक खुपसलं आणि थांबली.

यल्लाप्पा पाना खांद्यावर टाकून सावकाश चालत आला.

“सुटली ना चाकं? ज्योतिबा, आण आता चटणी.”